घराचं व्हॅल्युएशन ३० टक्के वाढलं, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सही ३० टक्के वाढणार का?

वैतागलेला_मालक:
नमस्कार मंडळी, डोक्याला ताप झालाय म्हणून विचारतोय. घराच्या नव्या व्हॅल्युएशनची नोटीस आलीये, किंमत मागच्या वेळेपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त लावलीये. घरात काहीही केलेलं नाही, एक खिळा नवीन ठोकलेला नाही, उलट छत गळतंय. आणि त्याच सुमारास शहराचं बजेट मंजूर झालं, त्यात सांगतायत की प्रॉपर्टी टॅक्समधून जमवायची रक्कम फक्त ५ टक्के वाढवलीये आणि टॅक्सचा दर तर म्हणे चक्क कमी केलाय. आता माझा टॅक्स ३० टक्के वाढणार, ५ टक्के वाढणार, का दर कमी झाला म्हणून खाली येणार, काहीच कळेना. शेजारचे म्हणतात ३० धरून चाला. ऑफिसातला एक जण म्हणतो व्हॅल्युएशन वाढलं की पालिकेची चांदी, पैसे कमी पडले की ते मुद्दाम किमती वाढवतात. बजेट आणि व्हॅल्युएशन यांचा एकमेकांशी नक्की संबंध काय असतो हे कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

आणि अजून एक, मी घर विकायला काढलेलं नाही, ती वाढलेली किंमत माझ्या खिशात आलेलीच नाही, मग तिच्यावर टॅक्स कसला?

आकडेमोड:
दर कमी केलाय म्हणताय म्हणजे तुमच्याकडे आधी बजेट ठरवायचं आणि मग त्यावरून दर काढायचा अशी पद्धत दिसतेय. अमेरिका, कॅनडात बहुतेक ठिकाणी असंच चालतं, त्यामुळे तेच धरून सांगतो. सगळीकडे असं नसतं, पण ते बाकीचे सांगतीलच.

पालिका आधी खर्च मांडते, पोलीस, अग्निशमन, रस्ते, कचरा, पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते वगैरे. त्यातून बाकीचं उत्पन्न वजा करते, म्हणजे वरच्या सरकारचं अनुदान, परवान्यांच्या फिया, दंड, पार्किंग असलं सगळं. जे उरतं ते घरमालक आणि दुकानदारांकडून प्रॉपर्टी टॅक्स म्हणून जमवायचं. ही रक्कम भागिले शहरातल्या सगळ्या मालमत्तांची मिळून करपात्र किंमत, की झाला दर. म्हणजे एकूण किती पैसे गोळा करायचे ते बजेट ठरवतं, आणि त्यातले तुमच्या वाट्याला किती ते व्हॅल्युएशन ठरवतं. ट्रिपचा खर्च वाटून घेतो तसंच, फक्त इथे वर्गणी डोकी मोजून नाही, घराच्या किमतीच्या प्रमाणात.

आता आकडे घ्या, चलन कुठलंही धरा. समजा शहरात चारच घरं आहेत, किमती १ लाख, १ लाख, २ लाख आणि ४ लाख. एकूण ८ लाख. पालिकेला हवेत ८,०००. दर झाला १ टक्का. बिलं आली १,०००, १,०००, २,००० आणि ४,०००.

पुढच्या वेळी पालिकेला ५ टक्के जास्त हवेत, म्हणजे ८,४००. मधल्या काळात किमती वाढल्या पण सगळ्यांच्या सारख्या नाही. पहिलं घर, म्हणजे तुमचं, ३० टक्के वाढून १ लाख ३० हजार. दुसरं फक्त १० टक्के, १ लाख १० हजार. उरलेली दोन २० टक्के, २ लाख ४० हजार आणि ४ लाख ८० हजार. बेरीज ९ लाख ६० हजार, म्हणजे सरासरी वाढ २० टक्के. दर निघाला ०.८७५ टक्के, बघा दर कमी झाला ना, आणि त्यात पालिकेने काही उपकार केलेले नाहीत, नुसता भागाकार आहे. बिलं आली १,१३७.५०, ९६२.५०, २,१०० आणि ४,२००.

तुमचं बिल पावणेचौदा टक्के वाढलं. दुसऱ्याचं घर १० टक्के महाग झालं तरी त्याचं बिल उतरलं. आणि जे सरासरीइतके वाढले त्यांना बरोब्बर बजेटएवढी, ५ टक्केच वाढ लागली.

तेव्हा तुमच्या नोटिशीतला ३० चा आकडा एकटा काहीच सांगत नाही, अख्ख्या शहराची सरासरी वाढ किती ते शोधा. मग १.०५ गुणिले १.३० भागिले ती सरासरी (२० टक्के वाढ असेल तर १.२०). सरासरी ३० निघाली तर तुमची वाढ ५ टक्के. सरासरी ४० निघाली तर बिल खालीसुद्धा येईल. एक लक्षात ठेवा, सरासरी काढताना जुन्याच मालमत्तांची धरायची, त्या वर्षी नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींची किंमत त्यात मिसळली की आकडा फसवतो.

चौकस:
आकडेमोड यांनी छान सांगितलंय पण ऑफिसातला माणूस अगदीच चुकीचं बोलत नाहीये बरं का. वरचं सगळं तेव्हाच खरं जेव्हा पालिका दर खाली आणते. न आणला तर? त्याच चार घरांत दर १ टक्काच ठेवा, पालिकेला मिळतील ९,६००, म्हणजे २० टक्के जास्त, आणि बातमी येईल की यंदा कोणतीही करवाढ नाही. दर तर वाढवलेलाच नाही ना! लोकही खूश. बिल आलं की मग कळतं.

म्हणून "दर वाढवला नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी जमा होणारी एकूण रक्कम बघते. अमेरिकेत काही राज्यांत यावर कायदेच आहेत. टेक्सासमध्ये पालिकेला असा दर काढून जाहीर करावा लागतो की ज्या दराने गेल्या वर्षीच्याच मालमत्तांमधून गेल्या वर्षीइतकेच पैसे जमतील. मग त्याच्या वर किती जातोय ते सगळ्यांना दिसतं. २०१९ च्या कायद्यापासून तिथल्या बहुतेक मोठ्या शहरांना रोजच्या कारभारासाठीचा महसूल ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर मतदान घ्यावं लागतं. मॅसॅच्युसेट्सने तर १९८० मध्येच एकूण जमा रकमेच्या वाढीवर वर्षाला अडीच टक्क्यांची मर्यादा घातली, नवीन बांधकामाची भर वेगळी.

दरातली घट आणि बिलातली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बातमीवाले दोन्ही एकाच टोपलीत घालतात.

ठोकताळे:
एवढं गणित कशाला, पैसे लागले की ते काढणारच, व्हॅल्युएशनमधून नाहीतर दरातून नाहीतर पाणीपट्टीतून. आधी थकबाकी वसूल करा म्हणावं बड्या धेंडांची.

आकडेमोड:
ठोकताळे, थकबाकीचा मुद्दा खरा आहे. दर काढताना काही टक्के वसूल होणारच नाही असं धरावं लागतं, आणि ते भरून निघतं वेळेवर भरणाऱ्यांकडून. पाणीपट्टी, कचरा शुल्क वेगळं काढून टॅक्स कमी दाखवणं हेही चालतंच. पण म्हणून व्हॅल्युएशन बघायचंच नाही असं करू नका, पैसे काढणारच असले तरी कोणाकडून किती ते तिथेच ठरतं.

पावती_जपून:
महाराष्ट्रातलं वेगळं आहे ते लिहितो, कारण वरचं वाचून कोणीतरी आपल्या महापालिकेत जाऊन सरासरी विचारेल आणि तिथला क्लार्क तोंडाकडे बघत राहील.

आपल्याकडे बजेटची तूट भागिले एकूण किंमत असा भागाकार होत नाही. दर टक्क्यांत ठरलेले असतात आणि मालमत्तेचं करयोग्य मूल्य वेगळं काढतात. १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली येणाऱ्या शहरांत पुढच्या वर्षाचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. दरवाढीचा प्रस्ताव आला की सगळे पक्ष एकत्र येऊन फेटाळतात, निवडणुका तोंडावर असल्या की विचारूच नका. मग तूट कुठे जाते? कामं पुढे ढकलली जातात, ठेवी मोडतात, कर्ज काढतात, किंवा बजेटात उत्पन्नच फुगवून लिहितात आणि वर्षअखेरीला सुधारित अंदाज खाली आणतात. म्हणजे तिकडे खर्च वाढला की दर हलतो, इकडे दर हलत नाही म्हणून खर्चाला कात्री लागते. रस्त्याची दुरुस्ती वर्षानुवर्षं का लटकते त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

करयोग्य मूल्य जुन्या पद्धतीत भाड्यावरून काढतात, म्हणजे ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल. मुंबईत गंमत अशी झाली की भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्या इमारतींची भाडी गोठलेली, त्यामुळे मोक्याच्या जागेवरच्या जुन्या इमारतीला नाममात्र टॅक्स आणि लांब उपनगरातल्या नव्या छोट्या फ्लॅटला तिच्यापेक्षा जास्त. म्हणून तिथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी जाहीर केलेला जागेचा दर, गुणिले क्षेत्रफळ, मग वापर कसला, बांधकाम कसलं, इमारतीचं वय किती असे गुणक लावतात. पुढे १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ केला. माफ झाला म्हणजे तेवढं उत्पन्न गेलं, आणि ते दुसरीकडून कुठूनतरी आणणं आलं.

शिवाय जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईतूनही गेली, तिच्या बदल्यात सरकारकडून भरपाई येते. म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या हातात जे मोठे कर उरले त्यात मालमत्ता कर सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका त्यालाच हात लावायची कोणाची हिंमत नाही.

अजून एक, बिल उलगडून वाचा. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, पथकर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर असे एकाखाली एक रकाने असतात. त्यातला राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिकेचा नाहीच, ती फक्त गोळा करून सरकारला पाठवते. शिव्या मात्र सगळ्या महापालिकेला.

दूरदेशी:
विकलं नाही तर टॅक्स का, यावर कोणी बोललंच नाही. हा नफ्यावरचा टॅक्स नाहीये, घर विकून पैसे आले की लागतो तो वेगळा. इथे किंमत फक्त वाटा ठरवायला वापरतात. पण तुमची तक्रार समजू शकते, कारण घर महाग झालं म्हणून पगार किंवा पेन्शन वाढत नाही. जुन्या वस्तीत राहणारे रिटायर्ड लोक, आजूबाजूला नवे श्रीमंत राहायला आले, किमती चढल्या आणि यांचा वाटा वाढला, हे खरंच होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात यावर एक सोय आहे, ५५ वर्षांच्या पुढच्यांना राहत्या घराचा टॅक्स पुढे ढकलता येतो, सरकार भरतं आणि घर विकताना किंवा वारसांकडे जाताना व्याजासकट वसूल करतं.

दुसरा उपाय म्हणजे व्हॅल्युएशनच बांधून ठेवायचं, पण त्याची फळं बघा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ मध्ये, म्हणजे लोकांच्या मतदानाने झालेल्या कायद्यात, टॅक्स किमतीच्या १ टक्क्यावर रोखला आणि करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार असं ठरवलं, घर विकलं गेलं की मगच ती बाजारभावावर येते. त्यामुळे एकाच रस्त्यावर एकाच बिल्डरची दोन सारखी घरं, एक चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं, एक काल घेतलेलं, आणि नवा मालक जुन्याच्या कितीतरी पट टॅक्स भरतोय. इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला घरांवरचा स्थानिक कर, तर अजून १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर चालतो! परवा बांधलेल्या घराचीही १९९१ मध्ये किती किंमत असती त्याचा अंदाज करून ए ते एच पट्ट्यात टाकतात. आणि सगळ्यात वरच्या एच पट्ट्याला डी पट्ट्याच्या फक्त दुप्पट, मग तो राजवाडा का असेना. पुन्हा व्हॅल्युएशन करायला कुठलंच सरकार धजत नाही, कारण ज्यांचा वाटा कमी होतो ते गप्प बसतात आणि ज्यांचा वाढतो ते रस्त्यावर येतात.

मला विचाराल तर दर एक-दोन वर्षांनी होणारं व्हॅल्युएशन त्रासदायक वाटलं तरी परवडतं. दहा-पंधरा वर्षांनी एकदम केलं की असा ३० टक्क्यांचा दणका बसतो.

वैतागलेला_मालक:
सगळ्यांचे आभार, आता जरा उजेड पडला. आकडेमोड, तुम्ही सांगितलं तसं शोधलं. घरांची सरासरी वाढ १८ टक्के आहे. पण दुकानं आणि ऑफिसं यांची सरासरी ४ टक्क्यांनी खाली आलीये, आणि सगळं मिळून १२ टक्के वाढ दिसतेय. आता सूत्रात १८ घालू का १२? दोन्ही घालून बघितलं तर उत्तरं बरीच वेगळी येतायत.

आकडेमोड:
येणारच, आणि हाच सगळ्यात कळीचा मुद्दा आहे. तुमच्याकडे घरांना आणि व्यापारी जागांना एकच दर असेल तर १२ घाला. १.०५ गुणिले १.३० भागिले १.१२, म्हणजे जवळपास २२ टक्के वाढ. ऑफिसांची किंमत उतरली, त्यांचा वाटा आपोआप घरांवर सरकला, कोणी ठराव केला नाही, कोणी मतदान केलं नाही. २०२० नंतर घरून काम सुरू झालं आणि ऑफिसच्या इमारती ओस पडल्या, तेव्हापासून हे अनेक मोठ्या शहरांत चाललंय.

पण बऱ्याच ठिकाणी वर्गवारी असते, घरांना एक दर, व्यापाऱ्यांना दुसरा. तिथे पालिकेने ठरवलं की घरांकडून एकूण जमेचा जेवढा हिस्सा गेल्या वर्षी घेतला तेवढाच यंदा घ्यायचा, तर सूत्रात १८ जाईल आणि तुमची वाढ येईल साधारण १६ टक्के. २२ आणि १६ मधला फरक हा निव्वळ पालिकेचा निर्णय आहे. बजेटच्या सुनावणीत लोक फुटपाथ आणि बागांवर तासभर भांडतात आणि हा वाटणीचा ठराव दोन मिनिटांत पास होतो. तुमच्याकडे काय ठरलं ते बजेटच्या कागदात दराच्या तक्त्यात सापडेल, घरांचा आणि व्यापाऱ्यांचा दर वेगवेगळा दिला असेल तर गेल्या वर्षीचे दोन्ही दर शेजारी ठेवून बघा.

चौकस:
आणि ते होईपर्यंत अपिलाची मुदत घालवू नका!! मुदत बहुतेक ठिकाणी व्हॅल्युएशनच्या नोटिशीपासून मोजतात, टॅक्सच्या बिलापासून नाही. लोक बिल आल्यावर जागे होतात तोवर खिडकी बंद झालेली असते. अपील किमतीवर करायचं असतं. टॅक्स परवडत नाही, पालिका पैसे उडवते, ही कारणं तिथे कोणी ऐकून घेत नाही. माझ्यासारख्याच घराला कमी किंमत लावलीये किंवा तुमच्या रेकॉर्डमध्ये माझ्या घराची माहिती चुकीची आहे, हे चालतं.

तुमची वाढ १८ च्या जागी ३० का आली ते आधी बघा. घराचं रेकॉर्ड मागवा, क्षेत्रफळ, मजले, बाथरूम किती, बांधकामाचं वर्ष, अवस्था कशी लिहिलीये. हे व्हॅल्युएशन कोणी घरात येऊन करत नाही, आसपासच्या विक्रीच्या व्यवहारांवरून कॉम्प्युटर हजारो घरांचं एका दमात काढतो, त्याला तुमचं छत गळतंय हे कुठून कळणार. या पद्धतीत एक खोट अशीही दिसते की स्वस्त घरांना त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त आणि महागड्यांना कमी किंमत लागते. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २००८ च्या मंदीत किमती कोसळल्या पण कागदावरच्या किमती त्या वेगाने उतरवल्याच नाहीत, त्याचा सगळ्यात जास्त फटका स्वस्त घरांच्या मालकांना बसला, कित्येकांची घरं थकबाकीत जप्त झाली. शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन पूर्ण व्हायला २०१७ उजाडलं.

वैतागलेला_मालक:
रेकॉर्ड ऑनलाइन मिळालं, आत्ताच बघितलं. अवस्था "उत्तम" लिहिलीये आणि मागचा उघडा व्हरांडा राहत्या क्षेत्रफळात धरलाय! छताच्या दुरुस्तीचं कोटेशन आहे माझ्याकडे. एकच भीती, अपील केलं आणि त्यांनी उलट किंमत वाढवली तर?

चौकस:
काही ठिकाणी अपिलात किंमत वर नेण्याचाही अधिकार असतो, तेव्हा नियम वाचूनच अर्ज करा. पण व्हरांडा राहत्या जागेत धरलाय म्हणजे मापाची चूक आहे, ती पुष्कळदा अपिलाशिवाय साध्या दुरुस्ती अर्जावरही होते. आधी तो द्या, सोबत मोजमापाचा नकाशा आणि फोटो. छताच्या कोटेशनवर तारीख बघा, किंमत ज्या तारखेची धरलीये त्यानंतर गळायला लागलं असेल तर या वेळी उपयोग नाही. आणि अर्ज पेंडिंग आहे म्हणून बिल भरायचं थांबवू नका, दंड-व्याज चालू राहतं, निकाल तुमच्या बाजूने लागला तर जास्तीचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बिलात वळते होतात.